केबिनच्या छतात उडणाऱ्या खारी शिरल्या आहेत. त्यांच्यापासून धोका आहे का आणि त्यांना बाहेर कसे काढावे?

आपण लिहिले आहे की, पेन्सिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरात आपण यंदा एक जुनी लाकडी केबिन घेतली, सप्टेंबर लागल्यापासून रात्री छतात गोट्या घरंगळल्यासारखा आवाज येतो, आणि शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्या उडणाऱ्या खारी असल्याचे आणि त्यांच्यापासून काही धोका नसल्याचे सांगितले. त्या भीमाशंकरला पाहिलेल्या शेकरूसारख्या असतात का, असेही आपण विचारले आहे. त्याच डोंगरात आमची दोन कुटुंबांच्या मालकीची केबिन आहे, तिच्यात आम्ही गेली अकरा वर्षे न्यू जर्सीहून जाऊन राहतो आणि त्यांपैकी पहिली तीन वर्षे या खारींशी चुकीच्या पद्धतीने भांडण्यात गेली, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर लिहितो.

शेकरूचे आधी सांगून टाकतो. शेकरू झेप घेते, तरंगत नाही. तिच्या अंगाला पडदा नसतो आणि ती दिवसा हिंडते. सह्याद्रीत रात्री तरंगणारी खार वेगळी, आकाराने जवळजवळ मांजराएवढी. आपल्या छतात जी असण्याचा संभव आहे ती दक्षिणी उडणारी खार शेपटीसकट वीतभर लांब आणि वजनाने पन्नास ते ऐंशी ग्रॅम, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाएवढी असते. तिला उडणारी म्हणतात, पण ती उडत नाही. पुढच्या पायाच्या मनगटापासून मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत केसाळ कातडीची घडी असते, मनगटातून निघालेली कूर्चेची एक काडी ती घडी बाहेर ताणून धरते, आणि उंचावरून उडी घेतली की हे प्राणी वीस-तीस मीटर अंतर सहज तरंगत कापतात.

आवाज त्यांचाच आहे की नाही, हे वेळेवरून कळते. येथील करड्या खारी दिवसा जागतात, त्यामुळे त्यांची धावपळ पहाटे आणि सकाळी ऐकू येते. उंदरांचा आवाज बारीक आणि सतत कुरतडल्यासारखा असतो. उडणाऱ्या खारी पूर्ण अंधार पडल्यावर बाहेर पडतात. त्या वेळी बाहेरच्या भिंतीवर ओली उशी आपटावी तसा एक मऊ ‘थप’ आवाज होतो, तो झाडावरून येऊन भिंतीला चिकटल्याचा असतो. गोट्यांचा आवाज म्हणजे हिकरी या अक्रोडाच्या कुळातल्या झाडाची आणि ओकची टणक फळे. थंडीसाठी साठा करण्याचे त्यांचे दिवस आता सुरू झाले आहेत. केबिनभोवती पडलेली हिकरीची कवचे उचलून पाहावीत. करडी खार कवचाचे तुकडे तुकडे करते, तर उडणारी खार एकाच बाजूला गुळगुळीत कडेचे, गोलसर भोक पाडून आतला गर काढून घेते. आमच्या पायरीखाली अशी मूठभर कवचे सापडली, तेव्हाच मला पहिल्यांदा खात्री पटली.

आता धोक्याविषयी, कारण येथे मला आपल्या शेजाऱ्यांहून थोडे वेगळे सांगायचे आहे. या खारी चावरट नाहीत आणि त्यांच्यात रेबीज आढळणे अत्यंत दुर्मीळ आहे. मात्र दक्षिणी उडणाऱ्या खारींच्या शरीरात टायफसचे जंतू असू शकतात, हे १९७५ पासून ठाऊक आहे. हा टायफस म्हणजे टायफॉईड नव्हे. माझ्या आईला फोनवर हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती. माणसांमध्ये महायुद्धांच्या काळात उवांमधून पसरलेला जो साथीचा टायफस, त्याचेच हे जंतू. पेन्सिल्व्हेनियातच एका रानातल्या शिबिरात २००४ ते २००६ या काळात चार मार्गदर्शकांना हा ताप आला आणि त्यांपैकी दोघांना रुग्णालयात दाखल करावे लागले. हे चौघेही एकाच केबिनमध्ये झोपले होते आणि आपल्या पलंगालगतच्या भिंतीत खारींची हालचाल त्यांनी ऐकली व पाहिली होती. नंतर त्या केबिनच्या आसपासच्या रानातून १४ खारी पकडून तपासल्या, तेव्हा ७१ टक्के खारींमध्ये संसर्ग आढळला.

हे वाचून केबिन विकायला काढू नये. खारी असलेली घरे असंख्य आहेत आणि या आजाराचे रुग्ण मोजके. परंतु त्या शिबिराच्या अनुभवावरून निघणारा बोध मी अक्षरशः पाळतो: ज्या भिंतीतून किंवा छतातून आवाज येतो तिला लागून पलंग ठेवत नाही, खारीला उघड्या हाताने स्पर्श करत नाही, आणि जुने घरटे किंवा लेंड्या कोरड्या झाडूने झाडत नाही. हातमोजे आणि मुखपट्टी घालून, आधी जंतुनाशकाने सर्व ओले करून, मग उचलावे. केबिनमध्ये राहून आल्यावर पंधरवड्यात थंडी वाजून कडक ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना खारींचा उल्लेख आवर्जून करावा. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो, पण कोणी सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या मनात टायफस येणे कठीण.

त्यांना बाहेर काढण्याच्या बाबतीत आधी माझी चूक सांगतो, कारण बहुतेक जण तीच करतात. दुसऱ्या वर्षी जानेवारीत मला वळचणीखालच्या फळीत, धुराड्याच्या बाजूला, दोन बोटे जातील एवढी फट दिसली. तिच्या कडा हातांच्या मळाने काळपटलेल्या दारासारख्या तुकतुकीत झाल्या होत्या. दिवसा खारी बाहेर असणार, असे करड्या खारींवरून गृहीत धरून मी भर दुपारी शिडी लावून ती फट फुगणाऱ्या फेसाने बुजवली. प्रत्यक्षात दुपारी त्या सगळ्या आत झोपलेल्या होत्या. रात्री नऊच्या सुमारास छतात जी धावाधाव सुरू झाली ती मी अजून विसरलो नाही, आणि तासाभराने स्वयंपाकघरातील सिंकखालच्या नळाच्या भोवतीच्या भोकातून एक खार बाहेर आली.

ती पडद्याच्या दांडीवर चढून बसली. मी इतक्या जवळून ती प्रथमच पाहत होतो. अंगाच्या मानाने अवाढव्य, पूर्ण काळे डोळे. पिसासारखी चपटी शेपूट. आणि कुशीला, चुण्या पडलेल्या पदरासारखी दुमडलेली घडी, जिची कड श्वासागणिक थरथरत होती. मी टॉवेल घेऊन पुढे सरसावलो तशी ती दांडीवरून सुटली, खोलीच्या मधून आवाज न करता तरंगत गेली आणि खुंटीवरच्या माझ्या कोटाला चिकटून तत्काळ त्याच्या मागच्या बाजूला गेली. झाडावर उतरल्याबरोबर पलीकडच्या बाजूला जायचे, म्हणजे मागावर घुबड असेल तर हुकते, ही त्यांची सवय. माझा कोट तिच्या लेखी झाडच होते. शेवटी माझी पत्नी म्हणाली, “अहो, टॉवेल ठेवा आणि दिवे मालवा. तिला अंधारात दिसते, आपल्यालाच दिसत नाही.” आम्ही आतील दारे लावून घेतली, खिडकी पूर्ण उघडली, दिवे मालवले आणि थंडीत कुडकुडत दुसऱ्या खोलीत बसून राहिलो. दहा मिनिटांनी पाहिले तर ती गेली होती. सकाळी मी तो फेस खरवडून काढला. खारींनी आतून निम्मा कुरतडलाच होता.

त्या हिवाळ्यात मी आणखी काही केले नाही, आणि ते योग्यच झाले. या खारी थंडीत निद्रिस्त होत नाहीत. एकमेकींना बिलगून ऊब धरतात, कधी कधी वीसहून अधिक एकाच पोकळीत. बर्फाच्या दिवसांत त्यांना बाहेर घालवणे म्हणजे ती ऊब मोडणे. वसंत ऋतूत पहिली पिल्ले होतात, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी. म्हणून आपण योग्य वेळी विचारले आहे: ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिल्ले आपल्या पायांवर उभी राहतात आणि कडाक्याची थंडी अजून पडलेली नसते.

तोवर दोन-तीन संध्याकाळी सूर्यास्तानंतर खुर्ची टाकून बाहेर बसावे, लाल कागद लावलेला टॉर्च घ्यावा आणि त्या कुठून बाहेर पडतात ते पाहावे. वाट एकच असते असे नाही. तीन सेंटिमीटरची फटही त्यांना पुरते, म्हणून वळचण, आढ्याजवळचा झरोका, धुराड्याची कड आणि तारा-नळ आत शिरतात त्या जागा नीट तपासाव्यात. मुख्य वाट सोडून बाकी सर्व फटी सहा मिलिमीटर छिद्रांच्या लोखंडी जाळीने बंद कराव्यात. मुख्य वाटेवर बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही, असे एकतर्फी दार किंवा नळी बसवावी. पावसाळी रात्री त्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे किमान आठवडाभर ते राहू द्यावे. आवाज पूर्ण थांबल्यावरच शेवटची फट बंद करावी. विष कदापि घालू नये: भिंतीत मेलेल्या खारीचा वास महिनाभर सोसावा लागतो. डांबराच्या गोळ्यांनी खारींवर काही परिणाम होत नाही, माणसांचे मात्र डोके दुखते.

एक गोष्ट मात्र दार बसवण्यापूर्वी करावी. पोकोनोत उत्तरी उडणारी खारही आढळते, आणि पेन्सिल्व्हेनियात ती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. तिला हेमलॉक आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचे रान लागते. ही हेमलॉकची झाडे एका लोकरी किडीमुळे वाळत चालली आहेत, आणि त्या जागी ओकचे रान आले की दक्षिणी खार शिरते व एक परजीवी कृमी सोबत आणते, जो तिला सोसतो पण उत्तरीला फारसा सोसत नाही. ओळख पोटाच्या केसांवरून: दक्षिणीचे केस मुळापर्यंत पांढरे, उत्तरीचे मुळाशी करडे. हे शिडीवरून आपल्याला दिसणार नाही, पण केबिनभोवती हेमलॉकची दाट झाडी असेल किंवा खार आपल्याला वीतभरापेक्षा बरीच मोठी वाटली, तर राज्याच्या गेम कमिशनला, म्हणजे वन्यजीव खात्याला, फोन करून विचारावे आणि मगच पुढे जावे.

आम्ही फटी बुजवल्या त्याच आठवड्यात मागच्या ओकवर, साधारण चार मीटर उंचीवर, चार सेंटिमीटर तोंडाची लाकडी पेटी लावली. त्या पेटीमुळेच खारी छतातून गेल्या, असा दावा मी करणार नाही. पहिले वर्षभर तिच्यात कोळ्यांशिवाय कोणी नव्हते. पुढच्या पानगळीत मात्र तिच्या तोंडाशी हिकरीचे कवच दिसले. या खारींचे पोट अतिनील प्रकाशात गडद गुलाबी चमकते, हे विस्कॉन्सिनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये जाहीर केले. त्यांच्यापैकी एक जण रात्री रानात अतिनील टॉर्चने दगडफूल शोधत असताना ते योगायोगाने लक्षात आले होते. माझ्या मुलीने तसला टॉर्च मागवला आणि गेल्या नोव्हेंबरात आम्ही पोर्चवर ब्लँकेट गुंडाळून बसलो. सव्वासहाच्या सुमारास पेटीतून एकामागून एक सहा जणी बाहेर आल्या. पाच वर चढून गेल्या. सहावी आमच्या डोक्यावरून तरंगत गेली आणि केबिनच्या भिंतीवर, जुन्या फटीच्या अगदी शेजारी, ‘थप’ करून उतरली. तिने जाळी हुंगली, दोनदा दाताने ओढून पाहिली आणि धुराड्यावरून पलीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडी लावून जाळीचे स्क्रू पुन्हा आवळले.