इक्विटीला मराठीत काय म्हणावे: समता, समानता की समन्याय?

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांनी विचारले आहे, की त्यांच्याकडे होणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यक्रमाला मराठीत काय नाव द्यावे. पहिल्या दिवशी व्याख्याने आहेत, दुसऱ्या दिवशी छात्राध्यापकांसाठी, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांसाठी, कार्यशाळा आहे आणि विषय इंग्रजीत ‘इक्विटी अँड टीचिंग’ असा ठरला आहे. इक्विटी म्हणजे सर्वांना सरसकट सारखे न देता ज्याची जशी गरज तसे देणे. निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात आधी ‘समता आणि अध्यापन’ असे लिहिले होते. एका सहकाऱ्यांनी ‘समता’ खोडून ‘समानता’ केले आणि दुसऱ्यांनी ‘समन्याय’ सुचवले.

माझे मत आधी सांगते: पत्रिकेवर ‘समन्यायी अध्यापन’ असे छापावे. मात्र उरलेले दोन शब्द चुकीचे म्हणून बाजूला सारावेत असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना स्वतःचा इतिहास आहे आणि तो समजून घेतल्यावरच तिसऱ्या शब्दाची गरज नेमकी कळते.

‘समानता’ हा शब्द आपल्याकडे संविधानाने पक्का केला आहे. बालभारतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पाने उघडली, तर उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द सापडतात आणि अनुच्छेद १४चे शीर्षकही ‘कायद्यापुढे समानता’ असेच आहे. म्हणजे इक्वॉलिटीसाठी संविधानाच्या मराठीने हा शब्द राखून ठेवला आहे. त्याच उद्देशिकेच्या हिंदी पाठात मात्र ‘प्रतिष्ठा और अवसर की समता’ असे आहे. जिथे मराठी ‘समानता’ म्हणते तिथे हिंदी ‘समता’ म्हणते, आणि आपल्याकडची बरीच शैक्षणिक परिपत्रके व साहित्य हिंदीच्या वाटेने येत असल्यामुळे हा गोंधळ पत्रिकेपर्यंत पोचतो.

‘समता’ या शब्दाचा मराठीतला भार वेगळाच आहे. गीतेत ‘समत्व’ ही मनाची अवस्था आहे. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ‘समता’ ही चळवळीची मागणी झाली. बाबासाहेबांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या समाज समता संघाचे १९२८ साली निघालेले पाक्षिक ‘समता’ याच नावाचे होते, आणि ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ ही त्रयी आज खेड्यातला शाळकरी मुलगाही एका श्वासात म्हणतो. या त्रयीतली समता म्हणजे इक्वॉलिटीच. पण मराठी कानाला त्या शब्दात विषमतेविरुद्धचा लढाही ऐकू येतो. म्हणून समता हे गाठायचे ठिकाण आहे असे मी मानते. तिथे पोचण्यासाठी कोणाला किती आणि कशा मापाने द्यायचे, हा प्रश्न तो शब्द एकटा पेलत नाही, आणि इक्विटीचा सगळा प्रश्न तोच आहे.

‘समन्याय’ हा शब्द कायद्याच्या परिभाषेतून आला. कायद्याच्या अक्षराला चिकटून राहिल्यास अन्याय होत असेल, तर परिस्थिती पाहून न्याय करावा, हे त्यामागचे तत्त्व. पण तो शब्द आपल्या बोलण्यात आला तो न्यायालयातून नव्हे, शेतीच्या पाण्याच्या पाटातून. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि भूमिहीनालाही वाटा. पुढे दक्षिण महाराष्ट्रातल्या दुष्काळी तालुक्यांतल्या चळवळींनी आणि २००५च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाभोवतीच्या वादांनी ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत रुळवला. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: ‘सम न्याय’ म्हणजे सर्वांना सारखाच न्याय, मग तो समानतेहून वेगळा कसा? फोड केली तर तसेच दिसते. परंतु शब्दाचा अर्थ फोडीपेक्षा वापराने ठरतो. पाणी पंचायतीतही ‘सम’ होतेच. बदलले ते माप. एकराला सारखे पाणी दिले असते, तर ज्याची जमीन जास्त त्याला जास्त मिळाले असते. माणशी दिल्यावर भूमिहीनही हिशेबात आला. सारखेपणा कशाच्या मापाने मोजायचा, हे विचारणे म्हणजेच समन्याय.

वर्गात हे कसे दिसते, ते एका सराव पाठात मी पाहिले. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव परिसरातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, मराठीचा पाठ. छात्राध्यापिकेच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘प्रत्येकी एक परिच्छेद प्रकट वाचन’ असे लिहिलेले होते, आणि ती तसेच काटेकोरपणे घेत होती. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी एक मुलगी ‘विहीर’ या शब्दाखाली बोट ठेवून थांबली. वेळ संपली म्हणून पाळी पुढे गेली आणि मुलीचे बोट तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी छात्राध्यापिकेने तिला परिच्छेद आदल्या संध्याकाळीच दिला होता, आणि वाचनाआधी विहिरीला घरी काय म्हणतात ते तिच्याकडून वर्गाला ऐकवले. मग ती वाचू लागली. तिला इतरांपेक्षा जास्त मिनिटे लागली. पहिल्या दिवसाच्या वाचनाला समान म्हणता येईल. दुसऱ्या दिवसाचे समन्यायी होते. दहावीच्या परीक्षेत दृष्टिबाधित विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासामागे २० मिनिटे जादा मिळतात, तेही याच तत्त्वाने.

नाम न घेता विशेषण घ्यावे, असे मी सुचवते. ‘समन्याय आणि अध्यापन’ म्हटले की दोन वेगळे विषय शेजारी ठेवल्यासारखे वाटतात. ‘समन्यायी अध्यापन’ म्हटले की शिकवण्याची रीतच समोर येते. ‘समन्याय्य’ असेही कोणी लिहितात. ते उच्चाराला अवघड आणि ‘समन्यायी’ रुळलेले असल्यामुळे अनावश्यक आहे. टीचिंगसाठी ‘शिक्षण’ नको, ‘अध्यापन’च हवे, कारण कार्यक्रम शिकवणाऱ्याने काय करावे याविषयी आहे.

राहिला ‘कार्यशाळा’ हा शब्द. रेल्वेच्या कार्यशाळेत हातांनी काम होते, तसे दुसऱ्या दिवशी छात्राध्यापक स्वतःची पाठ टाचणे घेऊन बसणार असतील आणि ती बदलून उठणार असतील, तरच तो छापावा. त्या दिवशीही फक्त भाषणेच असतील, तर ‘व्याख्याने व चर्चासत्र’ एवढेच लिहावे.