सहजीवन की सहउत्क्रांती?

मुलीच्या प्रोजेक्टमध्ये ‘उंबर आणि त्यातला किडा यांची सहउत्क्रांती’ असं लिहिलं होतं, सरांनी खोडून ‘सहजीवन’ केलं, तर बरोबर काय, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, उंबराला दोन्ही शब्द चालतात, पण अर्थ वेगळे आहेत, त्यामुळं खोडायला नको होतं असं माझं स्पष्ट मत.

सहजीवन म्हणजे दोन जातींनी एकमेकांच्या सोबतीनं जगणं. रंकाळ्याच्या कडंला म्हशी चरतात तेव्हा गायबगळे मागंमागं फिरतात, खुरांमुळं उडालेले किडे त्यांना आयते मिळतात. पण म्हणून बगळ्यामुळं म्हैस बदलली असं कुणी म्हणणार नाही. सहउत्क्रांतीत मात्र पिढ्यानपिढ्या दोघंही एकमेकांमुळं बदलत जातात, आणि हे दोन्ही बाजूंनी व्हायला लागतं, एकट्यानं बदलून भागत नाही.

आता उंबर बघा. ‘उंबराचं फूल’ आपण म्हणतो ते दिसत नाही म्हणून, पण फुलं असतात की, फळाच्या आतच असतात! किड्याची चिलटाएवढी मादी फळाच्या तोंडाच्या बारीक भोकातनं आत घुसते, घुसताना बहुतेक वेळा पंख तुटतात, आत परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना तर पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करतात, बाहेर पडायला वाट कोरतात आणि संपतात, माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडं उडतात. ह्या किड्याशिवाय उंबराला बी नाही आणि उंबराशिवाय किड्याला पिल्लं नाहीत.

आणि सहउत्क्रांतीला मैत्री लागतेच असं नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रुईचा चीक विषारी, तरी बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी तीच पानं खाते, आधी देठ नाहीतर शीर कुरतडून चिकाचा लोंढा तोडते, वर ते विष अंगात साठवून पक्ष्यांना लांब ठेवते. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी 1964 साली ही कल्पना मांडली तीसुद्धा फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींवरनंच.

राहिलं शुद्धलेखन. सह आणि उदरचं सहोदर होतं तसं संधीनं ‘सहोत्क्रांती’ होतं, तेही बरोबर. पण पोरांना ‘उत्क्रांती’ हा ओळखीचा शब्द सरळ दिसावा म्हणून मी ‘सहउत्क्रांती’च लिहितो. प्रोजेक्टमध्ये मादीचे पंख आणि पराग यांचं चित्र असेल तर मूळचंच शीर्षक ठेवा, आणि सरांना रुईच्या अळीचं उदाहरण जरूर सांगा.