नवीन खातं, एकही रिव्ह्यू नाही आणि तीन महिने राहायचंय म्हणे, रिक्वेस्ट घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की एअरबीएनबीवर, म्हणजे घर थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याच्या ॲपवर, तुमच्या घरासाठी आलेली रिक्वेस्ट तीन महिन्यांची आहे, प्रोफाइलवर रिव्ह्यू शून्य, ओळख व्हेरिफाय नाही आणि मेसेज काय तर "जागा आवडली, बुक करायची आहे", तर घ्यायचं की सरळ डिक्लाइन मारायचं. मी म्हणेन लगेच दोन्ही नको, आधी माणसाला बोलतं करा.

दोन रात्रींच्या गेस्टची आणि तीन महिन्यांच्या गेस्टची चाळणी एकच लावून चालत नाही. दोन रात्रीवाला फार तर आवाज करेल, चादर खराब करेल आणि जाईल. तीन महिनेवाल्याचं बघायचं ते दोनच गोष्टींसाठी, पैसे शेवटपर्यंत येतील का आणि ठरलेल्या दिवशी तो बाहेर पडेल का. बाकी सगळं त्यानंतर.

ओळख व्हेरिफाय नसेल तर पहिला मेसेज तेवढाच पाठवा की प्लॅटफॉर्मवर ओळख पूर्ण करा, मग पुढचं बोलू. ज्याला खरंच राहायचंय तो बहुतेक वेळा करून टाकतो, आणि ज्याला करायचंच नाही तो "कार्ड हरवलंय, ॲप चालत नाही, तुमचा नंबर द्या ना" असं सुरू करतो. पण प्रोफाइलवर ओळख पटल्याचा बॅज आला म्हणून निर्धास्त होऊ नका हं, बॅजचा अर्थ एवढाच की नाव आणि कागद जुळले, आणि तेही बुक करणाऱ्याचे, सोबत राहायला कोण येणार आहे त्याच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. फोटो दिसत नाही यावरून मात्र काही ठरवू नका, एअरबीएनबीने 2018 मध्येच जाहीर केलं होतं की गेस्टचा फोटो होस्टला, म्हणजे घर देणाऱ्याला, बुकिंग कन्फर्म झाल्यावरच दिसेल. रिव्ह्यू नाहीत याचंही तसंच, प्रत्येकजण कधीतरी पहिल्यांदाच बुक करतो.

मग बघायचं काय, तर उत्तरं एकमेकांशी जुळतात का. मी साधे प्रश्न विचारते, कशासाठी येताय, एवढे दिवस का, किती जण राहणार आणि त्यांची नावं, घरून काम करणार का, आत्ता कुठे राहताय आणि ते घर का सोडताय. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत पण सगळ्यात जास्त तोच बोलतो. स्वतःच्या घराचं काम काढलंय, नवीन नोकरी लागलीय, घरातल्या कुणाचे उपचार चाललेत, अशा माणसाकडे तारखा असतात आणि तो उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो, इंटरनेट कसं आहे, वॉशिंग मशीन आहे का, टेबल खुर्ची आहे का. तीन महिने राहणारा माणूस हे विचारणारच! जो काहीच न विचारता "लगेच कन्फर्म करा, आज रात्री येतो" म्हणतो त्याला मी थांबवते. राहत्या गावातलाच पत्ता, सामान सगळं सोबत, कारण गोलमोल, असं असेल तर आधीच्या घरातून काढलंय का ही शंका घ्यायला हरकत नाही. आणि "बुकिंग माझ्या नावावर पण राहणार माझा मित्र" याला माझा सरळ नकार, जो राहणार त्याने स्वतःच्या खात्यावरून बुक करावं.

आता पैशांचं. एअरबीएनबीवर 28 रात्री किंवा जास्त असल्या की बुकिंग लाँग टर्म धरतात, कॅन्सलेशनचे नियम बदलतात आणि पैसे महिन्या-महिन्याने घेतले जातात, म्हणजे पहिला महिना आधी आणि पुढचे हप्ते नंतर. इथेच लोक अडकतात. 2014 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जमध्ये एका गेस्टने 44 दिवसांचं बुकिंग केलं, 30 दिवसांचे पैसे आले, पुढचे आलेच नाहीत आणि तो घर सोडेना, कारण तिथे 30 दिवस राहिल्यावर भाडेकरूचे हक्क लागू होऊ शकतात आणि मग बाहेर काढायला कोर्टाची पायरी चढावी लागते. त्या वेळी बातम्यांमध्ये खूप गाजलं होतं ते. प्रत्येक ठिकाणी ही रेघ वेगळी असते, त्यामुळे तुमच्याकडे किती दिवसांनी गेस्टचा भाडेकरू होतो हे हो म्हणायच्या आधी वकिलाला विचारा, ती फी वाया जात नाही.

म्हणून नवीन खात्याला मी थेट तीन महिने देत नाही. सांगते, आधी 28 रात्रींच्या आतलं बुक करा, सगळं नीट झालं तर पुढच्या तारखा तुमच्यासाठी ठेवते. त्याने गेस्टकडून पूर्ण पैसे आधीच घेतले जातात, मुदतीला रिव्ह्यू होतो आणि वाढवायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं. फक्त एक लक्षात ठेवा, बुकिंगचे तुकडे केले म्हणून भाडेकरूच्या कायद्यातून सुटकाच होईल असं नाही, बऱ्याच ठिकाणी सलग राहिलेले दिवस मोजले जाऊ शकतात. बरेचसे चांगले गेस्ट याला तयार होतात, थोडे नाराज होतात, ते चालतं.

हाऊस रूल्समध्ये आधीच लिहून ठेवा की राहणाऱ्यांची नावं लागतील, पोटभाड्याने देता येणार नाही आणि दर दोन आठवड्यांनी साफसफाईला माणूस येईल. साफसफाई हे निमित्त, घर कोण वापरतंय हे कळतं. ओळखपत्र बघायचं असेल तर तेही लिस्टिंगमध्ये आधी लिहिलेलं हवं, बुकिंग झाल्यावर अचानक मागितलं तर गेस्ट तक्रार करू शकतो आणि त्याचं बरोबर असतं.

"बाहेर व्यवहार करू, दोघांची फी वाचेल" आलं की विषय संपला. तसंच कुणी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "वरचे परत करा" म्हणाला तर एक पैसाही परत करू नका, चेक नंतर बाऊन्स होतो आणि परत केलेले पैसे तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

तुमच्या रिक्वेस्टला उत्तर द्यायला 24 तास आहेत, नुसता मेसेज पाठवल्याने ते घड्याळ थांबत नाही. प्रश्न आत्ताच पाठवा, दुपारपर्यंत नीट उत्तर नाही आलं तर मुदत संपायच्या आधी स्वतः डिक्लाइन करा, कारण एवढंच लिहा की एवढ्या लांब मुदतीसाठी माहिती पुरेशी मिळाली नाही. जात, धर्म, देश, एकटा की कुटुंब यातलं काही त्यात आणू नका, निर्णयातही नाही. उत्तर आलं तर इथे टाका, नाव काढून, बघू आपण.