होलिस्टिक नर्सिंग शिकायचं म्हणजे आयुर्वेद-योगाचा कोर्स करावा लागतो का?

बीएस्सी नर्सिंग झालंय म्हणताय, तर योगाचं सर्टिफिकेट थोडं मागे ठेवा. होलिस्टिक नर्सिंग म्हणजे नुसत्या आजाराची नाही, अख्ख्या माणसाची काळजी घेणं. अमेरिकेत या शाखेची संघटना १९८१ पासून आहे. तिथे श्वसन, मसाज, रिलॅक्सेशन शिकवतात खरं, पण पाया रुग्णाचं नीट ऐकून घेण्याचाच.

आपल्याकडे हे शिकायला माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. ब्रिटनमध्ये या सेवेचा पाया घालणाऱ्या सिसिली साँडर्स डॉक्टर होण्याआधी नर्स होत्या. ‘टोटल पेन’ ही कल्पना त्यांचीच: दुखणं शरीराचं, मनाचं, घरच्या पैशांचं, श्रद्धेचंही. मॉर्फिन वेळेवर दिलं तरी मुलीच्या लग्नाचा घोर असेल तर झोप कुठून येणार? मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं, १९८६ पासून चालू आहे. केरळमध्ये तर नर्स घरोघरी जातात.

एक गोष्ट मात्र कोर्सशिवायही करता येईल. “झाडपाल्याचं, घरगुती काही घेता का?” असं प्रत्येकाला विचारा. रागावून नको, नाहीतर पेशंट लपवतो (आणि आपल्याकडे काढा न घेणारं घर विरळाच). वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असताना लसूण-हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. उत्तर केसपेपरवर लिहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.