धुऱ्यावरचा टेंभुर्णा आणि नर्सरीचे अमरफळ

प्रश्न (चिमूर व कुरखेडा तालुक्यांतील शेतकरी): नर्सरीवाले अमरफळ (पर्सिमन) आणि आबनुसाची (काळ्या लाकडाचे एबनी झाड) रोपे देतो म्हणतात. आमच्या बांधीच्या (भातखाचराच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावावीत का?

उत्तर: अमरफळाच्या नादी लागू नका. हे झाड मूळचे चीनकडचे. आपल्या देशात ते कुलू, काश्मीर, उत्तराखंड, खाली कुन्नूर अशा थंड पट्ट्यात होते. फुलोऱ्यासाठी त्याला हिवाळ्यात 7 अंशांखालचे साधारण 100 ते 200 तास लागतात. आपल्याकडे पारा तेवढा खाली फार वेळ टिकत नाही. शिवाय मे महिन्यात 45-46 अंशांत पाने करपतात आणि फळाला चट्टे पडतात. एखादे रोप हौसेखातर परसात लावायचे तर लावा, एकरभर नको.

आबनूस दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले. त्याचा काळा गाभा तयार व्हायला कित्येक दशके जातात. गाभ्याभोवतीचे लाकूड फिकटच असते. 'दहा वर्षांत लाखो' म्हणणाऱ्याला आधी कापलेला ओंडका दाखवायला सांगा.

आता गंमत बघा. ही दोन्ही झाडे ज्या कुळातली, त्याच कुळातला आपला तेंदू, म्हणजे टेंभुर्णा. तो भारत-श्रीलंकेच्या कोरड्या पानगळी जंगलातला, मुरमाड जमिनीत, उन्हातान्हात तगणारा. टेंभरू, म्हणजे त्याचे फळ, हातात घेऊन पाहा: देठाशी वांग्यासारखी टोपी, आत पिवळसर गर, चपट्या बिया. कच्चे खाल्ले तर तोंड आखडते, अमरफळाच्या काही जातींचेही तसेच. पिकून मऊ झाले की दोन्ही गोड.

'आमच्या झाडाला फुले येतात, फळ धरत नाही,' असे एका भाऊंनी विचारले आहे. टेंभुर्ण्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. तुमचे झाड नर असावे. तोडू नका, आसपासच्या माद्यांना त्याचाच आधार आहे.

नवीन लावायचे असेल तर पिकल्या फळातले ताजे बी पावसाच्या तोंडावर जागेवरच टोका. सोटमूळ लवकर खोल जाते, म्हणून उपटून लावलेले रोप सहसा जगत नाही. जुनी झाडे असतील तर मुळांतून आपोआप फुटवे येतात, त्यातले दोन-चार राखले तरी पुरे. तेवढी गुरे आवरा.

विडीच्या पानांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये खुरट्या झुडपांची कापणी केली, की एप्रिल-मेमध्ये कोवळी, रुंद पाने मिळतात. फळाच्या झाडाला मात्र कोयता लावू नका. स्वतःच्या शेतातली पाने विकायची असतील तर वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा ग्रामसभेत आधी विचारून घ्या, तेंदूपानांच्या व्यापाराचे नियम वेगळे आहेत.