चाकू जरूर घडवा, पण सुकन्या खात्याला हात न लावता

चिंचवडच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये नोकरी करणारे एक वाचक 17 वर्षांच्या मुलीसह स्वयंपाकघरातील चाकू बनवण्याचे काम सुरू करू इच्छितात. मोठा पट्टा ग्राइंडर, विजेची भट्टी, गाळ्याची अनामत आणि कच्चा माल मिळून 3,40,000 रुपये लागतील, त्यांपैकी 2,00,000 मुदत ठेव मोडून आणि उरलेले मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातून काढावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या बेतात दोन वेगळी उद्दिष्टे एकत्र झाली आहेत. मुलीसोबत एक कसब शिकणे हा खर्च आहे आणि तो आनंदाने करावा. चाकू विकून महिन्याला 24,000 रुपये मिळवणे हा व्यवसाय आहे आणि त्याला हिशेबाची कसोटी लागते.

प्रथम सुकन्या खात्याविषयी. मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्यावर किंवा 18 वर्षांची झाल्यावर मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या 50 टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, परंतु केवळ उच्च शिक्षणासाठी, प्रवेशाची किंवा शुल्काची कागदपत्रे दाखवून. भट्टी त्यात बसत नाही. शिवाय मुलगी 18 वर्षांची झाली की ते खाते तिने स्वतः चालवायचे असते, तेव्हा तो पैसा आपण हिशेबात धरूच नये. मुदत ठेवीत 2,80,000 रुपये आहेत आणि घरखर्च हप्त्यासह महिना 62,000 आहे. म्हणजे ही ठेव जेमतेम साडेचार महिन्यांची तरतूद आहे, गुंतवणुकीसाठी मोकळी असलेली रक्कम नव्हे.

आता विक्रीचा अंदाज पाहू. 3,000 रुपयांचे 8 चाकू दरमहा विकले जातील, असे आपण धरले आहे. पोलाद, मुठीचे लाकूड, ग्राइंडरचे पट्टे, वीज आणि उष्णता प्रक्रिया (पाते तापवून कडक करणे) यांवर चाकूमागे 900 रुपये धरले, तर 2,100 उरतात. मात्र नवशिक्या हातांना पाते घासून, मूठ बसवून, धार लावेपर्यंत 12 तास सहज लागतील. यंत्र एकच, आणि मोकळे चार रविवार प्रत्येकी 6 तासांचे. महिन्याला दोनच चाकू होतील, हाती 4,200 रुपये येतील आणि गाळ्याचे भाडे आपणच 9,000 लिहिले आहे.

भट्टी तर मुळीच घेऊ नये. आपल्या शेजारी भोसरीत उष्णता प्रक्रियेचे जॉबवर्क करणारे कारखाने आहेत. ते साधारणपणे वजनावर दर लावतात आणि किमान आकार घेतात, म्हणून दहा-बारा पाती साठवून एकदम पाठवावीत. लोहार ज्याला पोलादाला पाणी देणे म्हणतात, तेच काम तिथे तापमान मोजून होते आणि कडकपणाही तपासून मिळतो. भंगारातला कमानपाटा (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) स्वस्त पडतो खरा, पण त्यात न दिसणारी चीर असू शकते. ईएन 31 या बेअरिंगच्या पोलादाची नवी पट्टी घेतलेली बरी. (टूलरूममधल्या माणसाला हे मी सांगावे, हे थोडे विनोदीच आहे.)

माझा सल्ला असा की, दरमहा शिल्लक राहणारे 15,000 रुपये तीन महिने बाजूला काढून 45,000 रुपयांत लहान पट्टा ग्राइंडर, ड्रिल, शिकंजा आणि पोलाद घ्यावे, आणि त्यातूनच दोघांसाठी बारीक धूळ अडवणारे मास्क व चष्मे आधी घ्यावेत. सोसायटीत आवाजाची तक्रार होईल, म्हणून गाळ्याऐवजी ओळखीच्या वर्कशॉपमधला रविवारचा कोपरा मागून पाहावा. सलग सहा महिने अनोळखी ग्राहकांनी पूर्ण किंमत देऊन चाकू नेले, तरच मोठ्या ग्राइंडरचा विचार करावा.

स्वयंपाकघरातील चाकूंपुरतेच राहावे. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती शस्त्र नियम, 2016 नुसार शस्त्रांत मोडतात.

व्यवसायात तोटा दाखवून पगारावरचा कर वाचेल, असेही आपण लिहिले आहे. तसे होत नाही: व्यवसायातील तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, मुदतीत विवरणपत्र भरल्यास तो पुढील 8 वर्षे व्यवसायाच्याच नफ्यातून वळता करता येतो. त्यासाठी खरेदीची बिले पहिल्या पट्टीपासून जपून ठेवावीत.