घरात म्हातारी माणसं असली की आजारपणाचा पैसा नेमका कुठं जातो?

ऑपरेशनपेक्षा महिन्याच्या मेडिकल बिलात जास्त. 70 वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. पण ते भरती झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी त्यात येत नाहीत, आणि या गोळ्या जन्मभर चालतात. श्रावणबाळ योजनेची, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना सरकार देतं ती, महिन्याची 1500 रुपये 'पगार' आली की निम्मी तिकडंच. (तीही वेळेवर आली तर!)

दुसरा खर्च कुणी मांडतच नाही, सोबतच्या माणसाचा. औशाकडच्या खेड्यातून आजीला लातूरला दाखवायचं म्हणजे एकाचा अख्खा दिवस गेला. सोयाबीन काढणीत ती मजुरी बुडते, वर एसटी, चहापाणी. डॉक्टरनं "उद्या रिपोर्ट घेऊन या" म्हटलं की परत तेच. घरात कुणाला लकवा मारला तर सुनेचं रोजानं जाणं बंद होतं, आणि पोरं पुण्याला कंपनीत असतील तर शेत बटईनं द्यावं लागतं. माझ्या मते सगळ्यात मोठी झळ हीच, पण ती कुठल्याच बिलात दिसत नाही.

पैसे वाचवायला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. बीपी वाढून किडनी गेली तर डायलिसिस योजनेत बसेलही, पण आठवड्याला दोन-तीन फेऱ्या चुकत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात. तिथं संपल्या असतील तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव (कंपनीचं नव्हे) लिहून घ्या आणि जनऔषधी, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात विचारा.